शनिवारी बंद केलेले प्रयत्न

शर्वरीनं काठीच्या मुठीची तिसरी रेघ ओढली आणि रेखापाटीच्या काचेच्या कडेला तांबूस उजेड पसरला.

दिवेलागणीला देवळीत वात लावावी तसा तो उजेड यायचा. हळू, आवाज न करता, कुणाला न दुखवता. पाटीमागचं यंत्र, चाळण, सांगत होती, बाई, हे राहू दे. हे कुठं पोचायचं नाही.

ती मूठ शर्वरीच्या मनात अजून ओलीच होती. संधिवातानं बोटं वाकलेल्या बायांसाठी, मळलेल्या कणकेसारखी, हात धरेल तसा आकार घेणारी. तिनं लेखणी खाली ठेवली. राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. उन्हातून सावलीत आल्यासारखं जरा बरंच वाटलं, आणि ते बरं वाटणं तिच्या ध्यानातही आलं नाही.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला 'मगदूम साधने' हा कारखाना काठ्या, कुबड्या, वॉकर आणि चाकाच्या खुर्च्या बनवायचा. शर्वरी खोत तिथल्या डिझाइन विभागाची प्रमुख. पूर्वी या विभागात पाय ठेवायला जागा नसे. एक वस्तू बाजारात जायची तर तिच्यामागं न जगलेल्या भावंडांची रांग लागायची. मातीचे नमुने, प्लास्टरचे नमुने, चाचणीत मोडलेले, साच्यातच फसलेले. डझनभर कल्पनांतली एखादी जगायची. बाकीच्यांपायी माणसांचे महिनेच्या महिने, धातू, वीज, सगळं पाण्यात.

चाळणीनं ते थांबवलं. तिची विद्या तशी साधी होती. कारखान्यातल्या आजवरच्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद तिला दिली होती. पहिली रेघ कशी होती, हात कुठं अडखळला, आकार कितीदा बदलला, साहित्य काय मागवलं, आणि शेवटी प्रयत्न बाजारात पोचला की मध्येच बंद पडला. अशा हजारो प्रयत्नांचे जन्म आणि मरणं शेजारी शेजारी ठेवून ती शिकली, की मरणार असलेला प्रयत्न पाळण्यातच कसा दिसतो. नवं काही सुरू झालं की ती त्याचा चेहरा जुन्यांशी ताडून बघे. हिरवा उजेड आला तर पुढं जा. तांबडा आला तर कोठारातून साहित्य सुटत नसे आणि यंत्रही चालू होत नसे. दाणा हातात असतानाच कळलं की हा उगवायचा नाही, मग रान नांगरायचं कशाला?

तिला शिकवलं होतं शर्वरीनंच. कुठला प्रयत्न जगला, कुठला मेला, ही खूण प्रत्येकाच्या कपाळावर तिनं स्वतःच्या हातानं लावली होती.

"मॅडम, तुमची लेक लई गुणाची निघाली," अभिनंदन मगदूम म्हणायचा. कारखाना आता त्याचा होता. तो उभा करणारे त्याचे वडील, अप्पा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. "मिरजेच्या पुनर्वसन केंद्रानं मागितलीय चाळण. उपचार म्हणजे तरी काय, डिझाइनच की! पेशंटगणिक वेगळं. केवढी मेहनत वाया जाते तिथं."

तेव्हा शर्वरीचा ऊर भरून आला होता. तेव्हा तिचा नवरा, धैर्यशील, बोलत होता.

*

धैर्यशील खोत कुस्तीच्या मैदानात निवेदन करायचा. बेनापूरपासून पार सीमेपलीकडच्या गावांपर्यंत, जिथं लाल माती तिथं त्याचा आवाज. हलगी तडतडली की तो माइक तोंडाशी न्यायचा आणि त्याच्या जिभेवर पैलवानांची घराणी, वस्ताद, डाव आणि गावं एकाला एक लागून नाचत यायची. मैदानाची सुरुवात तो स्वतः रचलेल्या ओळींनी करायचा:

माती माझी मायबाई, माती माझी साय,
मातीवरी टेकलेला उठतो गं पाय!

"घरात तरी जरा गप बस की रे," शर्वरी म्हणायची. "भाजीत मीठ कमी पडलं तर तेसुद्धा हलगीवर सांगतोस."

"शर्वे, मी गप बसलो तर तुला करमायचं न्हाई."

माघ महिन्यात त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. पाय परत आला, वॉकर धरून तो अंगणात हिंडायला लागला. बोलणं आलं नाही. सगळं कळायचं, विनोदाला हसायचा, पण शब्द ओठाशी येईतो विहिरीत पोहरा सुटावा तसा सुटून खोल जायचा. 'हां' आणि 'न्हाई' उरले. आणि एक 'आयला'. ते मात्र असं ठणठणीत यायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस नाटक करतोय.

"शिव्या मेंदूत वेगळ्या खोलीत राहतात, वहिनी," मिरजेच्या केंद्रात बोलणं शिकवणारी निलोफर बागवान पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "दादांची ती खोली शाबूत आहे. चांगलंच लक्षण म्हणायचं."

निलोफरनंच सांगितलं, की बोलण्याची रोजची वाट मेंदूच्या डाव्या अंगानं जाते. ती वाट खचली. पण ताल आणि चाल यांचं घर बरंचसं उजव्या अंगाला असतं. शब्दाला तालाच्या पाठीवर बसवून हाकललं, तर कधी कधी तो या दुसऱ्या वाटेनं तोंडापर्यंत पोचतो. वाट नवी पाडायची म्हणजे रोज तेवढंच चालायचं, गवत दबेपर्यंत.

"किती दिवस लागतील?" शर्वरीनं विचारलं होतं.

"ते कुणी सांगू नये आणि कुणी विचारू नये," निलोफर हसली होती.

केंद्राच्या मोठ्या दालनात अशी बरीच माणसं गोल बसायची. तेलाची घाणी चालवणाऱ्या हिराबाई, निवृत्त शिक्षक जोसेफ मास्तर, एसटीत कंडक्टर असलेले सुकुमार चौगुले. सगळे टेबलावर डाव्या हातानं ठेका धरायचे. हिराबाई अंगाईच्या चालीवर 'चहा दे' म्हणायच्या आणि सुकुमारकाका 'पुढं चला, पुढं चला' एवढंच घोकायचे. त्यावर धैर्यशील 'आयला' म्हणायचा आणि दालन हसायचं. त्याचा ठेका हलगीचा होता. कितीतरी आठवड्यांनी त्या ठेक्यावर त्याच्या तोंडून 'माती' आला. एकच शब्द, ओला, वेडावाकडा. शर्वरी भिंतीकडं तोंड करून रडली.

आणि पुढच्याच आठवड्यात धैर्यशीलच्या नावापुढं तांबडा उजेड आला.

केंद्रात चाळण तेव्हा चाचणीपुरती, थोड्याच पेशंटांवर होती. त्या थोड्यांत तो होता.

"माझी वेळच काढून घेतली हो," निलोफर खाली बघत म्हणाली. "मशीन म्हणतं, या प्रयत्नातून बोलणं यायचं नाही. दादांनी खुणांचा तक्ता वापरावा, म्हणे. तुम्ही घरी करा वहिनी. मी सांगते कसं ते."

शर्वरीनं मान डोलावली. चाळण चुकत नाही हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

*

घरी ती रोज संध्याकाळी त्याच्यासमोर चित्रांची पानं मांडून बसायची. तो टेबलावर ठेका धरायचा आणि ती वाट बघायची. वाट बघणं तिला जमत नसे. त्यानं 'पा' म्हटलं की तिच्या तोंडून 'पाणी' निघालेलं असायचं. त्यानं खिडकीकडं हात केला की पडदा सरकलेला असायचा. अर्धा शब्द बघून पुरता शब्द ओळखायचा, मधली खटपट वाचवायची, हीच तर तिची विद्या. तो मग हसायचा आणि तोंड मिटायचा.

त्या शनिवारी तो 'माती'च्या पुढं सरकला. ठेका, ठेका, 'माती'. ठेका, ठेका, 'मा…' आणि तिथं अडकला. कपाळावर घाम. पुन्हा 'मा…'. बाहेर दिवे लागले होते. शर्वरीचे हात आपोआप पानं गोळा करायला लागले.

"बास आता, दमलास. सोमवारी नव्यानं सुरू करू."

त्यानं तिचं मनगट धरलं.

"न्हाई."

तिच्या हातातलं पान काढून घेतलं, जिथं होतं तिथंच परत ठेवलं. मग पहिल्यापासून सुरुवात न करता, जिथं अडकला होता तिथूनच त्यानं पुन्हा ठेका धरला. "मा…" कितीतरी वेळ. आणि मग, दार ढकलून आल्यासारखा, "…झी."

"माझी," तो म्हणाला. आणि तिच्याकडं असा बघत राहिला, की तो ओळ म्हणतोय की तिला काही सांगतोय, ते कळेना.

तिचं मनगट अजून त्याच्या मुठीत होतं. सोमवारी नव्यानं. हे शब्द आपले नाहीत, हे तिला तेव्हा उमगलं. ते अप्पांचे होते.

अप्पा मगदूमांचा एक कडक नियम होता. शनिवारी संध्याकाळी कामाचा ओटा मोकळा. आठवड्याचं अर्धवट काम सुट्टीत ओट्यावर पडून राहिलेलं त्यांना अशुभ वाटायचं. म्हणून शनिवारी जे अपुरं असेल त्यावर 'बंद' शिक्का पडायचा, हत्यारं धुऊन हळदकुंकू लागायचं, आणि सोमवारी तोच नमुना फडताळातून काढून नवा क्रमांक घालून पुन्हा सुरू व्हायचा. नवा आठवडा, नवं बाळ. सगळा विभाग हे इतकी वर्षं करत आला, की कुणाला त्यात वेगळं काही वाटतच नव्हतं. शर्वरीलाही नाही.

आणि चाळणीला शिकवताना तिनं प्रत्येक 'बंद' शिक्क्याच्या कपाळी 'मेला' अशी खूण केली होती.

कारखान्याचं नाव झालं तो घडीचा वॉकर तिला आठवला. पावसाळ्यात सुरू झाला तो शिमग्याला पुरा झाला. चाळणीच्या नजरेनं ते एक काम नव्हतंच. ती होती एका मागोमाग मेलेल्यांची लांबलचक रांग, आणि शेवटी एक जगलेला, जो जन्मला तोच जवळजवळ पुरा होऊन. चाळण यातून जे शिकायचं तेच शिकली होती. आठवड्यात होत नाही ते होतच नाही. दमानं चालणाऱ्याला ती मेलेलाच समजत होती.

आणि तिची चूक कधी उघडी पडणार नव्हती. कारण तांबडा उजेड आला की प्रयत्न थांबायचा, आणि थांबलेला प्रयत्न कुठं पोचत नाही. चाळण आपल्या खात्यात तोही 'मेला' म्हणून धरायची आणि म्हणायची, बघा, पुन्हा माझंच खरं झालं. पाण्यात उतरूच न दिलेल्या माणसाला पोहता येत नव्हतं, असं ती दर दिवशी सिद्ध करत होती. दर दिवशी तिचा भरवसा वाढत होता.

शर्वरीला ती कणकेसारखी मूठ आठवली. त्याआधी सोडून दिलेल्या कल्पना आठवेनात. किती होत्या, कोण जाणे.

*

अभिनंदननं सगळं ऐकून घेतलं. मग चहा सांगितला आणि अप्पांच्या हार घातलेल्या फोटोकडं बघत बसला.

"शनिवारचा ओटा," तो शेवटी म्हणाला. "आयला. लहानपणी मीच शिक्के मारायचो हो."

"सर, दुरुस्त करता येईल. तांबडे पडलेले काही प्रयत्न मुद्दाम चालू ठेवायचे. पुरे होऊ द्यायचे. त्यातले किती जगतात ते बघून चाळणीला पुन्हा शिकवायचं."

"किती दिवस?"

"ते नाही सांगता येणार."

"म्हणजे मेहनत वाया घालवून बघायची, की वाया जाते का." तो कडवट हसला. त्यानं समोरच्या पाटीवर तिचीच योजना घातली. क्षणभरात काच तांबूस झाली. "बघा. तुमची लेकच नको म्हणती."

"ती नकोच म्हणणार! हळू काम दिसलं की ती—"

"शर्वरी, ऐक." इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा नुसत्या नावानं हाक मारली. "चाळण आता इथली राहिली नाही. बियाणेवाल्यांनी घेतली. शाळा मागताहेत. कुठल्या पोराला कुठला विषय शिकवून उपयोग नाही, ते आधीच कळावं म्हणून. आता मी उठून सांगू, की आमच्या बापाच्या सोवळ्यामुळं ही सगळी उलटी शिकलीय? उद्या दाराला कुलूप लागेल. दोनशे घरं आहेत या भिंतींच्या आत."

चहा आला. दोघांनीही घेतला नाही.

"बुधवारी केंद्राचे विश्वस्त येणारेत," तो हळू म्हणाला. "चाळण सगळ्या पेशंटांना लावायची का, ते ठरवायला. त्यांना यंत्र बनवणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकायचंय. तू नीट बोललीस, तर एक गोष्ट माझ्या हातात आहे. एका माणसाचं तांबडं मला काढता येतं. निलोफर रोज येईल धैर्यशीलकडं. कितीही दिवस. कुणी विचारणार नाही."

"आणि बाकीची माणसं?"

"बाकीची कोण? तुला त्यांची नावं तरी ठाऊक आहेत का?"

तिला ठाऊक होती.

*

बुधवारी विश्वस्तांमध्ये एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या. बाकीच्यांनी आकडे विचारले. त्यांनी चष्मा काढून, घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "मुली, काही पेशंट फार सावकाश सुधारतात गं. माझा अनुभव आहे. त्यांना तर ही अडवत नाही ना?"

टेबलापलीकडं अभिनंदन आपल्या बोटांकडं बघत होता.

शर्वरीनं तोंड उघडलं. एका शब्दासाठी धैर्यशीलच्या कपाळावर घामाचे थेंब उभे राहायचे, त्याच्या मानेची शीर ताणायची, आणि तरी तो शब्द निसटायचा. तिच्या तोंडाला कसली अडचण नव्हती. सकाळी निघताना त्यानं तिच्या ओढणीचं टोक धरून म्हटलेलं 'माझी' तिच्या कानात होतं. अजून पुढं किती ओळ बाकी होती.

"नाही," ती म्हणाली. "अडवत नाही."

पाण्यात साखर विरघळावी इतक्या सहज तो शब्द गेला. डॉक्टरीणबाईंनी समाधानानं मान हलवली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

*

पुढं कितीतरी दिवस शर्वरीनं केंद्रात पाऊल टाकलं नाही. कामाचं निमित्त होतं. निलोफर घरी येऊन शिकवून जायची. ती आता फार बोलत नसे. 'वहिनी' म्हणायचीही बंद झाली होती. येऊन बसायची, ठेका धरायची, जायची. पण धैर्यशीलच्या तोंडात एकेक शब्द वळचणीला चिमणी परतावी तसा परतत होता. 'साय' आला. 'पाय' आला. एके सकाळी त्यानं अंघोळीला जाताना 'शर्वे' अशी हाक मारली आणि तिच्या हातातलं दुधाचं पातेलं तसंच कलंडलं. ती फरशीवर बसून हसली, रडली, पुन्हा म्हणायला लावलं. सगळं विसरायला लावणारी ती सकाळ होती, आणि ती विसरलीही.

मग निलोफर म्हणाली, "आता दालनात यायला हवं. मोठ्या जागेत आवाज फेकायला शिकू दे. तुम्हीपण या."

ऊन तिरपं पडलं होतं. दालन पूर्वीसारखंच झाडून स्वच्छ. गोल टेबल होतं. भिंतीला खुर्च्या एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या. टेबलाशी तेवढ्या तीनच मांडल्या होत्या.

धैर्यशील दारातच थांबला. वॉकरवर रेलून त्यानं इकडून तिकडं नजर फिरवली, मैदानात उतरल्यावर आधी गर्दी जोखायचा तशी. त्याच्या डाव्या हाताची बोटं वॉकरच्या नळीवर हलली. ठेका. ठेका.

"बा…" तो म्हणाला. "बाकी…"

शर्वरीला पुढचा शब्द कळला. ती बोलली नाही.

"बाकीची… कुठं… गेली?"

आजारपणानंतरचं त्याचं पहिलं पुरं वाक्य. निलोफर खिडकीपाशी गेली आणि बाहेर बघत राहिली. हिराबाईंच्या घरी आता खुणांचा तक्ता होता. जोसेफ मास्तरांनी तो तक्ताही भिंतीला टेकवून ठेवला होता म्हणे, आणि दिवसभर अंथरुणात पडून असायचे. हे शर्वरीला निलोफरनं सांगितलेलं नव्हतं. तिनं स्वतःच एकदा विचारून घेतलं होतं, आणि पुन्हा विचारलं नव्हतं.

"बरी झाली ती," शर्वरी म्हणाली. "बरी होऊन घरी गेली सगळी."

धैर्यशीलनं तिच्याकडं वळून पाहिलं. जन्मभर हजारो माणसांचे चेहरे वाचत आलेला माणूस. कोण दमलाय, कोण दमल्याचं सोंग करतोय, हे दुरून ओळखणारा. त्यानं बराच वेळ पाहिलं. मग त्याची बोटं पुन्हा नळीवर हलायला लागली.

ठेका. ठेका. मानेची शीर ताणली. ओठ पुढं आले.

"खो…"

तो कुठला शब्द आहे, तिला कळलं. नेहमीसारखा अर्ध्यावरच कळला. एरवी तिनं तो उचलून त्याच्या हातात ठेवला असता. आज तिचे ओठ मिटलेलेच राहिले. हा एक प्रयत्न इथंच थांबावा, पोहरा सुटून पुन्हा खोल जावा, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.

धैर्यशीलनं घाम पुसला आणि जिथं अडकला होता, तिथूनच पुन्हा सुरुवात केली.